औषधानेच फुफ्फुस बिघडलं तर? : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा काय प्रकार आहे? गोळी तर पोटात जाते, मग फुफ्फुसाचा काय संबंध?

गोळी पोटात जाते पण औषध रक्तात जातं, आणि शरीरातलं सगळं रक्त फेऱ्या मारत फुफ्फुसातून जातंच, त्यामुळे औषधाचा जेवढा संबंध लिव्हर-किडनीशी तेवढाच फुफ्फुसाशी पण आहे, फक्त त्याबद्दल कोणी बोलत नाही. काही औषधं तिथल्या पेशींना थेट इजा करतात. काही वेळा औषधाचा दोष नसतो, आपली इम्युनिटीच त्या औषधाला शत्रू समजून धावून जाते आणि मारामारी फुफ्फुसाच्या नाजूक पडद्यात होते. हवेचे जे बारीक फुगे असतात ना, वायुकोश, त्यांच्या भिंतींना सूज आली की ऑक्सिजन रक्तात नीट उतरत नाही आणि माणसाला दम लागायला लागतो. त्या सुजेला न्यूमोनायटिस म्हणतात. न्यूमोनिया वेगळा, तो बहुतेक वेळा जंतूंमुळे होतो. नावं सारखी आहेत म्हणून खूप गोंधळ होतो, रिपोर्ट वाचताना शब्दाचं शेपूट नीट बघा.

तुम्ही डॉक्टर आहात का?

नाही. माझ्या आईच्या बाबतीत हे झालं. तिला वारंवार युरिन इन्फेक्शन व्हायचं म्हणून रोज रात्री एक नायट्रोफ्युरँटॉइनची गोळी सुरू होती, वर्ष उलटून गेलं होतं. मग कोरडा खोकला सुरू झाला, जिना चढताना धाप लागायला लागली. न्यूमोनिया समजून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, आणि प्रत्येक वेळी "कोणती औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला आई उत्तर द्यायची, "बीपीची एक, बाकी काही नाही." लघवीची गोळी तिच्या लेखी औषधच नव्हतं, ते रात्री दात घासण्यासारखं झालं होतं. मी पण शेजारी बसून मान डोलावत होतो. शेवटी एका शिकाऊ डॉक्टरने सांगितलं की घरातली औषधांची अख्खी पिशवी घेऊन या, ती टेबलावर उलटी केली आणि त्या एका स्ट्रिपवर बोट ठेवलं. तेव्हापासून नातेवाईक, ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे सगळे मला तेच तेच विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय.

हे किती जणांना होतं? गोळीच्या डब्यातल्या कागदावर लिहिलंय, मी घाबरू का?

बहुतेक औषधांच्या बाबतीत खूपच कमी जणांना होतं. कागदावर "दुर्मिळ" लिहिलेलं वाचून गोळी फेकून दिलेले लोक मी पाहिलेत, आणि मग ज्या आजारासाठी ती गोळी होती तोच उलटलेला पण पाहिलाय. पण काही औषधांमध्ये, खासकरून कॅन्सरच्या काही आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या एका औषधात, धोका एवढा आहे की डॉक्टर स्वतःहून लक्ष ठेवतात. म्हणजे प्रश्न "औषधाने होतं का" एवढाच नाहीये, कोणतं औषध, किती डोस, किती दिवस आणि कोणाला, हे सगळं आलं.

लक्षणं काय असतात?

कोरडा खोकला जो जातच नाही, चालताना किंवा जिना चढताना लागणारा दम जो महिन्याभरापूर्वी लागत नव्हता, बारीक ताप, थकवा. बस, एवढंच. हीच तर अडचण आहे, यातलं एकही लक्षण "मी औषधामुळे आलोय" असं ओरडून सांगत नाही, सर्दी-फ्लूपासून हार्ट फेल्युअरपर्यंत सगळ्यात हेच असतं. कधी अंगावर पुरळ येते, कधी छातीत श्वास घेताना टोचतं. स्टेथोस्कोप पाठीला लावला की वेल्क्रो उघडताना होतो तसा चरचर आवाज येतो, तो डॉक्टरला ऐकू येतो, आपल्याला नाही.

एक गोष्ट मी आता सगळ्यांना सांगतो. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन घरात असेल तर फक्त बसून मोजू नका, खोलीत थोडं चालून परत मोजा. बसल्यावर ९६ आणि चालल्यावर ८९ असा आकडा खाली आला तर ती माहिती डॉक्टरसाठी खूप कामाची असते. आईचं नेमकं हेच होत होतं आणि दवाखान्यात तिला खुर्चीत बसवून मोजायचे.

औषध सुरू केल्यावर किती दिवसांनी होतं?

याचं एक उत्तर नाही आणि लोक इथेच फसतात. "एवढी वर्षं घेतोय, काही झालं नाही, मग आत्ता कसं होईल" हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

नायट्रोफ्युरँटॉइनचंच घ्या, त्याचे दोन वेगळे चेहरे आहेत. एक झटपट, सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा पहिल्या महिन्याभरात जोरात ताप, खोकला, दम, रक्तात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, आणि गोळी थांबवली की पटापट उतरतं. दुसरा चेहरा संथ, सहा महिने, वर्ष, कधी अनेक वर्षं रोज घेतल्यावर हळूहळू, आणि त्यात ताप वगैरे काही नाही, फक्त माणूस दमतो आणि घरचे म्हणतात वय झालं. डॅप्टोमायसिन नावाचं एक अँटिबायोटिक आहे, सलाइनमधून देतात, त्याने इओसिनोफिलवाला न्यूमोनिया होतो तो साधारण दोन ते चार आठवड्यांत, आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०१० मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. आमवातावरच्या मेथोट्रेक्सेटचं बहुतेक वेळा पहिल्या वर्षात होतं. काही केमोच्या औषधांचं तर औषध संपून वर्षं गेल्यावर पण डोकं वर काढतं.

कोणकोणती औषधं? पूर्ण लिस्ट द्या ना.

पूर्ण लिस्ट देणं शक्य नाही, शेकडो औषधं आहेत. फ्रान्समधल्या दिजाँ शहरातले फुफ्फुसतज्ज्ञ फिलिप कामू यांनी यासाठी न्यूमोटॉक्स नावाची एक वेबसाइटच उभी केली, जगभरातले छातीचे डॉक्टर ती उघडून बघतात. आपण सामान्य माणसांनी ती वाचत बसलो तर रात्री झोप लागणार नाही, म्हणून मी फक्त जास्त वेळा ऐकू येणारी सांगतो.

अमियोडॅरोन. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर देतात. औषध चांगलं आहे, जीव वाचवतं, पण त्याच्या वजनाचा जवळपास ३७ टक्के भाग आयोडीन असतो आणि ते चरबीत, लिव्हरमध्ये, फुफ्फुसात जाऊन बसतं. रोजचा डोस ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर धोका वाढतो, पण कमी डोसवर होतच नाही असं नाही. आणि शरीरातून निम्मं औषध बाहेर पडायलाच सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे आज बंद केलं तरी ते आत बसूनच असतं. म्हणूनच त्याच्या पेशंटला थायरॉइड, लिव्हर आणि छातीचा एक्स-रे अधूनमधून करायला सांगतात, तो कंटाळा करून टाळू नका.

ब्लिओमायसिन, केमोचं औषध, हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर) आणि वृषणाच्या कॅन्सरमध्ये वापरतात. शरीरात एक एन्झाइम असतं जे याला तोडून निकामी करतं, पण तेच एन्झाइम फुफ्फुसात आणि त्वचेत खूप कमी असतं, म्हणून फटका बरोबर या दोन ठिकाणी बसतो. एकूण डोस ४०० युनिटच्या वर गेला की धोका वाढतो, किडनी कमजोर असेल तर अजून.

बुसल्फान हे पण केमोचंच, आणि या यादीतलं सगळ्यात जुनं म्हणता येईल असं, १९६१ मध्येच डॉक्टरांनी त्याच्यामुळे होणारा फुफ्फुसाचा फायब्रोसिस, म्हणजे व्रण पडून फुफ्फुस कडक होणं, लिहून ठेवला होता. म्हणजे विषय नवा नाहीये.

मग नव्या जमान्यातली. फुफ्फुसाच्या कॅन्सरची जेफिटिनिब गोळी जपानमध्ये २००२ साली आली आणि काही महिन्यांतच फुफ्फुसाला सूज आल्याच्या केसेस दिसायला लागल्या, जपानी पेशंटमध्ये प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं. इम्युनोथेरपीची औषधं म्हणजे निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनिटीचा ब्रेक काढतात म्हणून ती कॅन्सरवर तुटून पडते, पण ब्रेक काढलेली गाडी कधी आपल्याच फुफ्फुसावर पण चढते.

आणि एक वेगळीच जात. काही औषधं फुफ्फुसाला सोडून त्याच्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढवतात. भूक मारायच्या गोळ्यांनी हे दोनदा झालंय. आधी अमिनोरेक्स, १९६०च्या दशकाच्या शेवटी युरोपमध्ये, आणि मग फेनफ्लुरामिन, वजन कमी करायला लोक सर्रास घ्यायचे, १९९७ मध्ये बाजारातून काढलं, तेव्हा तर हृदयाच्या झडपा पण खराब होतात हे कळलं होतं. ब्लड कॅन्सरच्या डॅसॅटिनिबने छातीत पाणी होऊ शकतं आणि क्वचित हे प्रेशर पण वाढतं.

बीपीच्या गोळीने मला खोकला येतो. म्हणजे माझं फुफ्फुस गेलं का?

नाही हो! हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर दिलासा देणारं आहे. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" येतं, रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, त्यांनी ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साचतो आणि घशात खवखव होऊन कोरडा खोकला येतो, बऱ्याच जणांना येतो, बायकांना जास्त. फुफ्फुसाला काही इजा होत नाही. गोळी बदलली की साधारण एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना तीन महिने लागतात. डॉक्टर बहुतेक वेळा "सार्टन" शेवट असलेली गोळी देतात. मात्र याच प्रिलवाल्या गोळीने ओठ, जीभ, चेहरा सुजला तर तो वेगळा प्रकार आहे, तेव्हा वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी.

दमा आहे, कोणती पेनकिलर चालेल?

दमा असलेल्या काही मोठ्या माणसांना, साधारण शंभरात सात जणांना, अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी जोराचा अटॅक येतो, गोळी घेतल्यावर अर्धा ते तीन तासांत. त्यांच्या नाकात बरेचदा पॉलिप म्हणजे मांसाचे मोड असतात आणि वास येत नाही. तुम्हाला दमा, नाकात मोड आणि पेनकिलरनंतर छाती बंद होणं असं तिन्ही असेल तर हे डॉक्टरला सांगितलंच पाहिजे. पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसमध्ये बहुतेकांना चालतं.

डोळ्यात घालायच्या थेंबांनी काय होणार आहे?

होऊ शकतं, विश्वास ठेवा. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब देतात, ते बीटा ब्लॉकर आहे, बीपी-हृदयासाठी देतात त्या जातीचं, डोळ्यातून नाकात उतरतं, तिथून रक्तात, आणि दमेकऱ्याची श्वासनळी आवळते. डोळ्याच्या डॉक्टरला आपण दम्याबद्दल सांगत नाही आणि छातीच्या डॉक्टरला थेंबांबद्दल.

याच रांगेतलं अजून एक, पोट साफ व्हायला पितात ते लिक्विड पॅराफिन. झोपायच्या आधी घेतलं आणि थोडं थोडं श्वासनळीत उतरत राहिलं तर तेलाचा न्यूमोनिया होतो. तेल घशात गेलं तर खोकला पण येत नाही म्हणून कळतच नाही. नाकात तेलकट थेंब रोज सोडणाऱ्यांचं पण तेच. वयस्कर आणि लहान मुलं, दोघांना सांभाळा.

मी फक्त नॅचरल, हर्बल घेते. मला तर काही भीती नाही ना?

फुफ्फुसाला लेबल वाचता येत नाही. जपानमध्ये शो-सायको-टो नावाचं वनस्पतींचं पारंपरिक औषध लिव्हरसाठी खूप चालायचं, त्याने फुफ्फुसाला सूज येऊन लोक दगावले आणि १९९६ मध्ये सरकारला इशारा द्यावा लागला. तैवानमध्ये १९९४-९५ च्या सुमारास वजन कमी करायला सॉरोपस नावाच्या पालेभाजीचा कच्चा रस प्यायचं फॅड आलं होतं, शिजवून खाल्ली जाणारी साधी भाजी, पण रोज कच्चा रस प्यायल्यावर कित्येकांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या बंद झाल्या आणि काहींना फुफ्फुस बदलावं लागलं. तेव्हा काढा, पावडर, प्रोटीन, जे काय घेता ते सगळं यादीत लिहा.

आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेतेय. बंद करू का?

स्वतःच्या मनाने नको. मेथोट्रेक्सेटने अचानक न्यूमोनायटिस होतो हे खरं आहे, पण क्वचित. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, आमवात स्वतःच फुफ्फुसात फायब्रोसिस करतो, त्यामुळे बरीच वर्षं आजाराचं खापर औषधावर फुटत आलं. अलीकडच्या अभ्यासांत मेथोट्रेक्सेटमुळे हळूहळू फायब्रोसिस होतो या जुन्या समजाला आधार मिळाला नाही. नवा कोरडा खोकला, ताप, दम असं काही सुरू झालं तर मात्र पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरला फोन करा, तो आठवड्यातून एकदाच असतो, फोन करायला वेळ असतो. आणि हो, आठवड्यातून एकदाच! चुकून रोज घेणाऱ्यांची अवस्था फार वाईट होते, ते फुफ्फुसापेक्षा वेगळं प्रकरण आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डॉक्टर कसं ओळखतात? एखादी ब्लड टेस्ट आहे का?

"हे या औषधामुळेच झालं" असं छापून देणारी टेस्ट नाही. बाकी सगळं नाही ना हे आधी बघतात, म्हणजे इन्फेक्शन नाही, टीबी नाही, हार्टमुळे पाणी साचलेलं नाही, मूळ आजार फुफ्फुसात पसरलेला नाही, आणि मग तारखा जुळतात का ते बघतात. औषध कधी सुरू झालं, त्रास कधी सुरू झाला, मध्ये डोस वाढला का, थांबवल्यावर फरक पडला का. त्यामुळे तुमच्याकडच्या तारखा इथे रिपोर्टइतक्याच महत्त्वाच्या असतात, आणि त्या तारखा फक्त तुमच्याकडेच असतात.

टेस्टमध्ये एचआरसीटी म्हणजे छातीचा बारीक सीटी स्कॅन मुख्य. फुंकायची टेस्ट असते, त्यात डीएलसीओ नावाचा आकडा बघतात, वायू फुग्यातून रक्तात किती सहज जातो ते कळतं आणि बरेचदा तोच आधी घसरतो. गरज पडली तर ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून थोडं पाणी सोडून परत ओढतात आणि त्यातल्या पेशी मोजतात. आई त्याला फार घाबरली होती, प्रत्यक्षात भूल देऊन अर्ध्या तासात झालं. बायोप्सी प्रत्येकाला लागत नाही.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे सुटलो?

नाही. सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो आणि सीटीमध्ये डाग दिसू शकतात.

उपचार काय?

पहिला उपचार म्हणजे ते औषध थांबवणं, आणि ते ज्याने सुरू केलं त्या डॉक्टरशी बोलूनच. हे मी परत परत लिहितोय कारण ठोक्यांची किंवा फिटची गोळी अचानक बंद केली तर फुफ्फुसाचं राहील बाजूला, दुसरंच काहीतरी होईल. बहुतेक वेळा पर्याय असतो. त्रास जास्त असेल तर स्टेरॉइड देतात, प्रेडनिसोलोन वगैरे, आणि मग ते हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड मध्येच सोडलं तर सूज परत उसळते. अमियोडॅरोनमध्ये तर कोर्स महिनोन्‌महिने चालतो, औषध आतून निघत नाही ना लवकर. ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजन.

पूर्ण बरं होतं का?

सूज असेल तर खूप चांगलं बरं होतं, इओसिनोफिलवाले तर काही दिवसांत हसायला लागतात. जखम भरून व्रण झाला असेल, म्हणजे फायब्रोसिस, तर तो भाग परत मऊ होत नाही, पुढे वाढू न देणं एवढंच हातात असतं. म्हणून लवकर पकडण्याला एवढं महत्त्व. आईचं अर्धं-अर्धं झालं. खोकला दोन महिन्यांत गेला, पण दुसऱ्या मजल्यावर ती अजून एकदा थांबते, आणि तिथे थांबून मलाच ओरडते की तू एवढा भराभर का चढतोस.

तेच औषध परत घेतलं तर चालेल का?

जवळपास नेहमीच नाही. दुसऱ्या वेळी जास्त जोरात होऊ शकतं. तुमच्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर त्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून घ्या, ब्रँडचं पण आणि आतल्या मूळ औषधाचं पण, कारण दुसरी कंपनी तेच औषध दुसऱ्या नावाने विकत असते.

ऑपरेशनच्या आधी काय सांगायचं?

आयुष्यात कधीही ब्लिओमायसिन घेतलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगायचं, दहा वर्षं झाली असतील तरी. जास्त ऑक्सिजन दिल्याने त्या फुफ्फुसाला इजा होऊ शकते म्हणून ते गरजेपुरताच ऑक्सिजन देतात. हे फाइलमध्ये असतं असं समजून गप्प बसू नका, फाइल कोण वाचतं.

कोणाला जास्त धोका?

वय जास्त, आधीच फुफ्फुसाचा आजार, किडनी कमजोर, सिगारेट, छातीला रेडिएशन झालेलं, एकाच वेळी अशी दोन-तीन औषधं. पण यातलं काहीच नसलेल्या माणसाला पण होतं.

धावत हॉस्पिटलला कधी जायचं?

बसल्या जागी दम लागतोय, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळे पडतायत, खोकल्यातून रक्त येतंय, चेहरा-जीभ सुजतेय, किंवा झोपेच्या वा जोरदार पेनकिलरच्या गोळीनंतर माणूस उठवूनही उठत नाही आणि श्वास संथ झालाय. हे वाचत बसू नका तेव्हा, निघा.

डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं?

पिशवी. सगळी औषधं, संपलेल्या स्ट्रिप्ससकट, थेंब, मलम, इनहेलर, पावडरी. आणि एका कागदावर गेल्या दोन वर्षांत काय काय सुरू झालं आणि बंद झालं ते महिन्यासकट. डॉक्टर घाईत असतील, कागद हातात द्या आणि सरळ विचारा, "यातल्या कशामुळे होत असेल का?" एवढा एक प्रश्न मी तीन महिने आधी विचारला असता तर, असो. बरेच डॉक्टर यावर चिडत नाहीत, उलट चष्मा लावून वाचायला घेतात.

झालंच तर कुठे कळवायचं असतं का?

हो, बहुतेक देशांत औषधांचे दुष्परिणाम नोंदवायची सरकारी सोय असते आणि पेशंट स्वतः पण फॉर्म भरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने हा कार्यक्रम १९६८ मध्ये सुरू केला आणि स्वीडनमधल्या उप्सालाच्या केंद्रात जगभरातल्या नोंदी गोळा होतात. इतका दुर्मिळ प्रकार एका डॉक्टरला आयुष्यात एक-दोनदा दिसणार, सगळ्यांच्या नोंदी एकत्र आल्याशिवाय पॅटर्न दिसणार कसा. आईचा फॉर्म मीच भरला, पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा मिनिटं स्ट्रिपवरचा बॅच नंबर वाचण्यात गेली.